शोरूमची डेमो गाडी घ्यावी की नवी कोरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेमो गाडीविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मूलभूत प्रश्न आधी घेतले असून अडचणीची आणि अपवादाची प्रकरणे शेवटाकडे ठेवली आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेमो गाडी म्हणजे नेमकी कोणती? शोरूममध्ये काचेआड उभी असते तीच का?

नाही. काचेआड उभी असते ती डिस्प्लेची गाडी. तिच्यात बसून शेकडो लोकांनी दारे उघडझाप केलेली असतात, पण तिची चाके जवळजवळ फिरलेली नसतात. डेमो गाडी म्हणजे ग्राहकांना टेस्ट ड्राइव्ह देण्यासाठी डीलरने रस्त्यावर उतरवलेली गाडी. विक्रेते मात्र आणखी दोन प्रकारांना सर्रास ‘डेमो’ म्हणतात. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी डीलरने स्वतःच्याच नावावर नोंदवलेली आणि न चालवता ठेवलेली गाडी हा एक प्रकार. व्यवस्थापकांच्या येण्याजाण्यासाठी किंवा सर्व्हिसला आलेल्या ग्राहकाला तात्पुरती बदली म्हणून वापरलेली गाडी हा दुसरा. चारही प्रकारांची झीज वेगळी आणि म्हणून वाजवी किंमतही वेगळी असते. त्यामुळे किंमत विचारण्याआधी ही गाडी यांपैकी कोणती, हे विचारावे.

२. गाडी चांगली असेल तर डीलर ती स्वस्तात का विकतो? काही दोष असल्यामुळे तर नाही?

बहुतेक वेळा दोष हे कारण नसते. प्रत्येक मॉडेलची चालती गाडी शोरूममध्ये असावी, अशी कंपनीची अपेक्षा असते. मॉडेलमध्ये बदल झाला किंवा ठरावीक महिने आणि किलोमीटर पूर्ण झाले, की जुनी डेमो विकून नवी आणावी लागते. शिवाय या गाडीत डीलरचे पैसे अडकलेले असतात आणि दर महिन्याला तिची किंमत घटत असते. म्हणजे घाई डीलरला असते. विक्रेता मात्र ती घाई ग्राहकाला असल्यासारखे बोलतो, हे लक्षात ठेवावे.

३. कागदोपत्री ती नवी ठरते की वापरलेली? मी पहिला मालक असेन का?

गाडी डीलरच्या नावावर नोंदलेली असेल तर पहिला मालक डीलर आणि दुसरे तुम्ही. विक्रेता तोंडी काहीही म्हणाला, तरी पुढे तुमच्याकडून गाडी घेणारा माणूस नोंदणीचा कागदच पाहणार आहे. गाडी व्यापारी क्रमांकपट्टीवर (नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणण्यासाठी डीलरला मिळणाऱ्या पट्टीवर) चालवली असेल आणि तिची कायमची नोंदणी झाली नसेल, तर पहिली नोंदणी तुमच्या नावाने होऊ शकते. अशी गाडी मिळाल्यास ती सरस समजावी, कारण पुनर्विक्रीची किंमत आणि बहुधा वॉरंटीची तारीख (प्रश्न ५) या दोन्ही बाबतींत तिचा फायदा होतो.

४. किती सवलत मिळाली तर डेमो गाडी घ्यावी?

सवलतीचा आकडा स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. ती कशाच्या तुलनेत दिली आहे, हे पाहावे लागते. विक्रेता छापील किमतीपासून सवलत मोजून दाखवतो, पण नव्या गाडीसाठी तुम्हीही छापील किंमत देणार नसता. म्हणून आधी त्याच मॉडेलच्या, त्याच व्हेरिएंटच्या नव्या गाडीचे घासाघीस करून मिळालेले लेखी कोटेशन हातात घ्यावे, तेही शक्यतो दुसऱ्या डीलरकडून.

समजा, नव्या गाडीची छापील किंमत १०० आहे, बोलणी करून ती ९४ ला मिळते आणि डेमो गाडी ८८ ला देऊ केली आहे. सांगितलेली सवलत १२ ची असली तरी खरा फरक ६ चाच आहे. आता या ६ मधून काय काय वजा होते ते पाहू. वॉरंटीचे गेलेले महिने भरून काढण्यासाठी वाढीव वॉरंटी घेतली आणि तिला २ लागले. नव्या गाडीच्या कर्जावर कंपनीच्या योजनेतला ९ टक्के व्याजदर होता, पण डेमोला तो लागू नसल्याने ११ टक्के पडला. मग ७० च्या कर्जावर ४ वर्षांत सुमारे ३ जास्त व्याज जाते. उरला १. एवढ्यासाठी वापरलेले टायर, वापरलेला क्लच आणि न निवडलेला रंग पत्करावा का, याचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे नाही असे आहे. रोखीने घेणाऱ्याला मात्र व्याजाची वजावट नसल्यामुळे तोच सौदा विचार करण्याजोगा वाटू शकतो.

दुसऱ्या बाजूनेही एक मोजमाप हवे. त्याच वयाची आणि तेवढीच चाललेली, एका मालकाने नीट वापरलेली गाडी बाजारात कितीला जाते, ते पाहावे. नवी गाडी पहिल्या वर्षात साधारण १५ ते २५ टक्के किंमत गमावते, मॉडेलनुसार हे प्रमाण कमीजास्त असते. डेमोची किंमत या दोन टोकांच्या मध्ये असायला हवी, आणि ती नव्या गाडीच्या टोकाकडे जितकी झुकलेली असेल तितका सौदा डीलरच्या फायद्याचा असतो. हातोहात खपणाऱ्या, महिनोन्महिने वाट पाहावी लागणाऱ्या मॉडेलच्या डेमोवर फारशी सवलत मिळतच नाही. तेथे वाचलेला वेळ हाच काय तो लाभ असतो, आणि तो तुम्हाला किती मोलाचा आहे हे तुम्हीच ठरवायचे.

५. वॉरंटी मी गाडी घेतल्यापासून सुरू होते ना?

बहुधा नाही. वॉरंटी सामान्यतः पहिल्या नोंदणीच्या किंवा गाडी वापरात आल्याच्या तारखेपासून मोजली जाते. वॉरंटी ३ वर्षांची असेल आणि गाडी ८ महिने डेमो म्हणून चालली असेल, तर तुमच्या वाट्याला २८ महिने येतात. रस्त्यावरील मदत, गंजाविरुद्धची हमी आणि मोफत सर्व्हिसही बऱ्याचदा त्याच तारखेला बांधलेल्या असतात. ‘आम्ही पाहून घेऊ’ या उत्तरावर थांबू नये. चासी क्रमांकावरून कंपनीच्या प्रणालीत दिसणारी वॉरंटी संपण्याची तारीख छापून मागावी. पाच मिनिटांचे काम असते, आणि ते करण्यास टाळाटाळ होत असेल तर त्यातून जे कळायचे ते कळते.

६. अनोळखी लोकांनी बेदरकारपणे दामटलेली गाडी, तिचे इंजिन आतून खराब झाले नसेल का?

ही भीती सर्वांत जास्त लोक व्यक्त करतात, पण ती थोडी चुकीच्या जागी आहे. नव्या गाडीचे पहिले हजार-दीड हजार किलोमीटर सांभाळून चालवावेत, इंजिन फार ओढू नये, एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नये, असे अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. पिस्टनच्या रिंगा, गिअर आणि ब्रेक पॅड या काळात एकमेकांशी जुळून येत असतात. टेस्ट ड्राइव्हला आलेला ग्राहक पुस्तिका वाचून येत नाही, हे खरे. तरीही शेजारी विक्रेता बसलेला, रस्ता गर्दीचा आणि फेरी दहा मिनिटांची, अशा स्थितीत इंजिन शेवटपर्यंत ओढण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

खरा त्रास त्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांचाच असतो. दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ गेला, तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. अर्धवट जळालेल्या इंधनाचा अंश ऑइलमध्ये मिसळतो, आणि डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, स्वतःला जाळून साफ करण्याइतकी तापत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलून मागावेत, मग सर्व्हिसची तारीख दूर असली तरी हरकत नाही. डिझेल डेमोची डीपीएफ किती भरली आहे, ते सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर पाहता येते. तेही पाहून घ्यावे.

हाताने गिअर बदलायच्या गाडीत इंजिनापेक्षा क्लचची काळजी अधिक करावी. प्रत्येक नवा चालक क्लच कोठे पकडतो याचा अंदाज घेत अर्धा पाय दाबून ठेवतो, आणि असे दिवसातून कितीतरी जण करतात. चढावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे वाढले पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड हे घासून झिजणारे भाग असल्याने सामान्य झिजेसाठी ते वॉरंटीत धरले जात नाहीत. त्यामुळे अशा गाडीत नवी क्लच प्लेट बसवून मिळत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

७. गाडी पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे?

सकाळी, शोरूम उघडताच जावे आणि गाडी आधीच चालू करून ठेवू नका असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावे. ते कोमट लागले तर थंड इंजिन सुरू होताना कसा आवाज करते, हे तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. मग दुसऱ्या दिवशी यावे.

बाहेरून पाहताना रंगापेक्षा कडांकडे लक्ष द्यावे. दाराच्या कडा, डिकीचे ओठ, पुढच्या बंपरची खालची धार आणि अलॉय चाकांची किनार येथे परकी गाडी चालवणाऱ्यांच्या चुका नोंदवलेल्या असतात. टायरची बाजूची भिंत फुगलेली किंवा चिरलेली नाही ना, हे हात फिरवून पाहावे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. पुढच्या आणि मागच्या टायरांतील फरक मोजला, तर गाडी कशी चालवली गेली याचा अंदाज येतो. टायरवरील डीओटी खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ असेल तर तो टायर २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. चारांपैकी एकाच टायरची तारीख फार वेगळी असेल, तर तो का बदलला हे विचारावे.

आत बसल्यावर चालकाच्या आसनाची दाराकडची कड दाबून पाहावी, कारण चढताउतरताना सर्वांत आधी तीच बसते. नंतर पडदा चालू करून ब्लूटूथच्या यादीत किती फोन जोडलेले आहेत, ते पाहावे. मी पाहिलेल्या एका गाडीत ‘फार तर पंधरा-वीस टेस्ट ड्राइव्ह झाल्या’ असे सांगण्यात आले होते. फोनची यादी मात्र पूर्ण भरलेली होती आणि प्रवास संगणकावर ४,२०० किलोमीटरचा सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर दिसत होता. भागाकार केला तर ते इंजिन ३०० तास चालले होते, म्हणजे बराच काळ एसी लावून जागच्या जागी घरघरत होते. हा आकडा कोणी पुसलेला नसेल तर ओडोमीटरपेक्षा बोलका ठरतो.

शेवटी दोन्ही किल्ल्या, सुटे चाक, जॅक आणि पाना मोजून घ्यावेत. डेमो गाडीची दुसरी किल्ली शोरूमच्या कोणत्या तरी खणात हरवलेली असणे अगदी नेहमीचे आहे, आणि चिप असलेली किल्ली नव्याने करून घेणे महाग पडते.

८. किलोमीटर फारच कमी आहेत, पण गाडी वर्षभर जुनी आहे. हे चांगलेच ना?

तितकेसे नाही. उभ्या गाडीचेही वय वाढते. इंजिन ऑइल किलोमीटर न झाले तरी साधारणतः वर्षाने बदलायचे असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून बहुतेक गाड्यांत ते दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात. १२ व्होल्टची बॅटरी वारंवार उतरली तर तिचे आयुष्य कायमचे घटते. गाडी काही तास बंद असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. ती १२.२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करून पुन्हा तपासावी आणि तरीही टिकत नसेल तर बदलून मागावी. उत्पादनाचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष या दोन्ही तारखा पाहाव्यात, कारण पुढे विकताना खरेदीदार त्यांपैकी जुनी तारीख धरून बोलतो.

९. ओडोमीटरचा आकडा खरा मानावा का?

कमी चाललेल्या गाडीचा आकडा मागे फिरवून फारसे काही हाती लागत नाही, त्यामुळे हा धोका मोठा नाही. तरी सर्व्हिसच्या नोंदींतील आकडे चढत्या क्रमाने आहेत का आणि पॅडलवरील रबराची झीज त्यांच्याशी जुळते का, एवढे पाहावे.

१०. डेमो असताना गाडीला धडक बसली असेल तर ते कळेल कसे?

हा डेमो गाडीतील खरोखर अवघड भाग आहे, आणि त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही. खासगी गाडीला अपघात झाला की बहुधा विम्याचा दावा होतो आणि त्याची नोंद राहते. डीलरचे वर्कशॉप मात्र त्याच आवारात असते. चिमटलेले दार रात्रीतून सरळ करून रंगवले तर बाहेर कोठेही नोंद होत नाही.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र येथे उपयोगी पडते. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. एखाद्याच पत्र्यावर २५०-३०० दिसले तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता दाट, आणि त्याच्या कित्येक पट आकडा आला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नेहमीचे यंत्र फक्त धातूवर चालते, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. बॉनेटच्या आणि पुढच्या मडगार्डच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, दोन्ही हेडलाइटवरील उत्पादनाच्या तारखा जवळपासच्या आहेत का, हेही पाहावे. ओरखडा दुरुस्त केला असेल तर त्यात वावगे काही नाही. तो लपवला असेल तर बाकीच्या उत्तरांवरही विश्वास ठेवू नये. विक्रीच्या करारात ‘गाडीस अपघात झालेला नाही, रंगकाम अमुक भागांवर झाले आहे’ असे लिहून घ्यावे.

११. इलेक्ट्रिक डेमो गाडीबाबत वेगळा विचार करावा लागतो का?

होय, आणि तो काही अंशी अनुकूल आहे. क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, थंड इंजिनाचा प्रश्न नाही, त्यामुळे प्रश्न ६ मधील बहुतेक चिंता गळून पडतात. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्यांत ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत असते आणि तिची क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते. त्यातून काही महिने गेल्याने फारसे बिघडत नाही.

बॅटरी कशी ठेवली गेली, हे मात्र पाहावे लागते. ग्राहकासमोर पूर्ण चार्ज दिसावा म्हणून डेमो गाडी रोज शंभर टक्के भरून उन्हात उभी करण्याची पद्धत असते. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी एकत्र मानवत नाहीत. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी छापून घ्यावी आणि सोबत मिळणारी चार्जिंगची केबल गाडीची मूळचीच आहे का, हे पाहावे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती कंपन्या अनेकदा अचानक उतरवतात, म्हणून प्रश्न ४ मधील तुलना करताना नव्या गाडीचे कोटेशन त्याच आठवड्यातले असावे.

१२. कर्ज आणि विमा यांत काय फरक पडतो?

कर्जाचा हिशोब प्रश्न ४ मध्ये आला आहे. डेमोला ‘नवी गाडी’ म्हणून कर्ज मिळेल की ‘वापरलेली’ म्हणून, हे बँकेलाच विचारावे, विक्रेत्याला नव्हे. विम्याच्या बाबतीत, गाडी पूर्ण नष्ट झाल्यास नवी गाडी किंवा पूर्ण बिलाची रक्कम देणारे संरक्षण काही ठिकाणी फक्त पहिल्या मालकाला मिळते. डीलरची जुनी पॉलिसी आपोआप आपल्याला लागू होते, असेही समजू नये.

१३. नवे मॉडेल येऊ घातले आहे. जुन्याची डेमो घेणे शहाणपणाचे ठरेल का?

गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल तर होय, कारण तोवर दोन्ही मॉडेले सारखीच जुनी झालेली असतात आणि सवलत मात्र आज हातात पडते. तीन वर्षांत विकायची असेल तर नको. तोवर बाजारात ती ‘आधीच्या पिढीची, दुसऱ्या मालकाची’ म्हणून ओळखली जाईल.

१४. डेमोमध्ये भरपूर ॲक्सेसरीज आहेत, त्यांचे पैसे वेगळे मागतात. द्यावेत का?

डेमो गाडी मुळातच सगळे काही दाखवण्यासाठी सजवलेली असते. बहुतेकदा ती सर्वांत वरच्या व्हेरिएंटची असते. म्हणून तुलना करताना, तुम्ही नवी गाडी घेतली असती तर कोणता व्हेरिएंट घेतला असता, त्याची किंमत समोर ठेवावी. मधल्या व्हेरिएंटवर समाधानी असणाऱ्याने सनरूफसकटची डेमो ‘फक्त थोडे जास्त देऊन’ घेणे ही बचत नाही. सीट कव्हर आणि मॅट वापरून मळलेली असतात, त्यांचे पैसे मुळीच देऊ नयेत.

१५. मी नवी गाडी घेतली, पण ताबा घेताना तिच्यात १८० किलोमीटर दिसले. मला डेमो गाडी दिली का?

लगेच तसे समजू नये. कारखाना, गोदाम आणि शोरूम यांच्यातील हालचाल आणि ताब्यापूर्वीची तपासणी यांत काही दहा किलोमीटर होतातच. गाडी दुसऱ्या गावच्या डीलरकडून ट्रकऐवजी चालवत आणली असेल, तर १८० सहज होतात. तरी लेखी खुलासा मागावा, वॉरंटी सुरू झाल्याची तारीख तपासावी (प्रश्न ५) आणि ब्लूटूथची यादी पाहावी. यादीत अनोळखी नावे असतील किंवा वॉरंटी तुमच्या खरेदीआधीच सुरू झालेली असेल, तर ताबा घेण्यास नकार द्यावा. सही करण्यापूर्वी हा वाद घालणे सोपे असते.

१६. बुकिंगची रक्कम दिली, पण डीलर म्हणतो की आणखी महिनाभर गाडी डेमो म्हणूनच चालेल. हे मान्य करावे का?

मान्य करायचे असेल तर बुकिंगच्या पावतीवर चासी क्रमांक, आजचा ओडोमीटर आणि ताब्याच्या वेळचा कमाल ओडोमीटर हे तीन आकडे लिहून घ्यावेत, आणि कमाल आकडा ओलांडल्यास दर किलोमीटरला किती रक्कम वजा होईल किंवा बुकिंग पूर्ण परत मिळेल, हेही. एवढे लिहून देण्यास नकार मिळाला तर रक्कम देऊ नये. ‘ही एकच गाडी उरली आहे’ हे विधान खरे असले, तरी पुढच्या तिमाहीत दुसरी डेमो विक्रीला येतेच.

१७. गाडी घेऊन महिना झाला, पण कंपनीच्या ॲपमध्ये ती अजून डीलरच्या खात्यावर दिसते. काही बिघडते का?

होय. ज्याच्या खात्यावर गाडी आहे, त्याला ती कोठे उभी आहे हे दिसू शकते, आणि काही गाड्यांत दूरवरून कुलूपही उघडता येते. गाडीच्या पडद्यावरून सर्व माहिती पुसून मूळ स्थितीत आणले, तरी कंपनीच्या सर्व्हरवरील जोडणी त्याने नेहमी तुटत नाही. डीलरने आपल्या खात्यातून गाडी काढावी लागते किंवा खरेदीचा पुरावा देऊन कंपनीकडून ती काढून घ्यावी लागते. हरवलेल्या दुसऱ्या किल्लीचेही असेच आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या किल्ल्या प्रणालीतून रद्द करून फक्त आपल्या हातातील किल्ल्या नोंदवून घ्याव्यात.